दयेआधी वैरण

झाशी म्हटली की मराठी माणसाला किल्ला आणि नेवाळकरांची राणी आठवते. त्याच झाशीत ग्वाल्हेर रस्त्यावर 1962 पासून एक केंद्रीय संस्था गवताचा अभ्यास करते आहे: भारतीय चरागाह एवं चारा अनुसंधान संस्थान. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली भारतीय जीवजंतु कल्याण मंडळ स्थापन झाले, तेही 1962 मध्येच. मारहाण, वाहतुकीतले हाल, कोंडून ठेवणे हा मंडळाचा प्रांत. गव्हाणीत काय पडते हा झाशीचा. गुरांच्या रक्षणाची चर्चा निघाली की सगळे पहिल्याबद्दल बोलतात. बुंदेलखंडात मात्र दुसऱ्यावाचून पहिले उभेच राहत नाही.

याचे कारण अन्ना प्रथा. रब्बीचे पीक निघाले की इथले शेतकरी गुरे मोकळी सोडतात आणि खरिपाच्या पेरणीआधी पुन्हा दावणीला बांधतात, अशी जुनी रीत. उन्हाळ्यात घरात वैरण नसते, तेव्हा जनावराने स्वतःच पोट भरावे, हा तिच्यामागचा हिशेब. ट्रॅक्टर आला तसा बैल निरुपयोगी झाला, लिटर-दोन लिटर दूध देणारी गाय आटली की पोसणे परवडेना, गायराने आक्रसली. मग सोडलेली गुरे परत बांधली जाईनाशी झाली. आता उभ्या पिकात कळप शिरतात आणि शेतकरी रात्र रात्र राखण करतात. 2019 च्या पशुगणनेत देशात 50 लाखांवर मोकाट गुरे मोजली गेली. त्यांतली सुमारे 11.84 लाख एकट्या उत्तर प्रदेशातली होती.

संस्थेसाठी झाशीची निवड झाली, कारण देशातली महत्त्वाची गवते या परिसरात सापडतात. 1966 मध्ये ती भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडे आली. पी. एम. दबडघाव आणि के. ए. शंकरनारायण यांनी भारताच्या गवताळ आवरणाची पाच प्रकारांत मांडणी केली. त्यांचा ग्रंथ 1973 मध्ये निघाला. त्यातल्या एका प्रकारात बुंदेलखंड आणि महाराष्ट्राचे पठार एकत्र येतात, म्हणजे झाशीच्या माळावरचे मारवेल आपल्याकडच्या माळावरही उगवते. 1970 मध्ये चारा पिकांचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. राहुरीचे कृषी विद्यापीठ आणि उरुळी कांचनचे बाएफ त्याला जोडलेले आहेत. अविकानगर, धारवाड आणि श्रीनगर इथे प्रादेशिक केंद्रे झाली. ‘वरदान’ बरसीम, ‘बुंदेल अंजन’, ‘बुंदेल जई’ अशा वाणांची नावे शेतकऱ्यांपर्यंत गेली.

हे काम दिसते तितके सोपे नाही. ज्वारीचे कणीस एकदम पिकते, कापले की दाणे हाती येतात. अंजन गवताचे तसे नाही. एकाच तुऱ्यात काही बी पिकून गळते, तेव्हा काही अजून हिरवे असते. जे हाती लागते ते केसाळ आणि हलके. पाभरीच्या नळीतून खाली उतरत नाही, वाऱ्यावर उडते. म्हणून बी, माती, शेण आणि वाळू कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळायच्या आणि पावसाच्या तोंडावर माळावर टाकायच्या. गवताच्या बियाण्याची टंचाई का असते, ते एवढ्यावरून कळावे.

बरसीमची गोष्ट वेगळी. ऑक्टोबरात पेरले की पन्नास-पंचावन्न दिवसांनी पहिली कापणी, मग दर महिन्याच्या आत-बाहेर एक, अशा चार-पाच कापण्या एप्रिलपर्यंत मिळतात. मात्र कोवळे, दंवाने ओले बरसीम उपाशी गाईपुढे टाकले तर पोट फुगून ती दगावू शकते. ते आधी सुकवायचे, कुट्टीत मिसळायचे. पाणी असेल त्यालाच हे पीक झेपते. बाकीच्यांसाठी बांधावरचे गवत आणि झाडपाला.

एवढे करूनही देशात लागवडीखालच्या क्षेत्रापैकी जेमतेम चार टक्क्यांवर चारा पिकतो, आणि हा आकडा कित्येक वर्षे हललेला नाही. शेतकरी जमीन आधी गहू-हरभऱ्याला देणार, हे उघड आहे. कागदावरचे वाण आणि बांधावरची वैरण यांतले हे अंतर संस्थेला एकटीने भरून काढता आलेले नाही. गायरान राखणे हे ग्रामपंचायतीचे आणि महसूल खात्याचे काम. संशोधक फार तर बी देतील.

2019 पासून उत्तर प्रदेश सरकारने गावोगावी गोवंश आश्रयस्थळे उघडली. गुरे सांभाळणाऱ्याला दिवसाला जनावरामागे 30 रुपये मिळत. ते पुढे 50 झाले. उन्हाळ्यात भुशाचा भाव चढला की या पैशांत पोट भरत नाही, आणि मग आश्रयस्थळाचाच कोंडवाडा होतो. महाराष्ट्राला हे नवे नाही. आपल्या चारा छावण्याही दुष्काळात उघडतात, पाऊस पडला की बंद होतात आणि पुढच्या टंचाईत पुन्हा विकतच्या उसाच्या वाड्यावर चालतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून आश्रयस्थळ मंजूर करताना पत्र्याच्या शेडआधी चाऱ्याची जमीन विचारायला हवी: किती एकर, कुठले गवत, पाणी कुठून, मुरघास किती. ही उत्तरे नसतील तर गुरे रस्त्यावरून उचलून कुंपणाआड ठेवली, इतकेच झाले. त्यांतली बरीचशी उत्तरे झाशीतच, त्याच ग्वाल्हेर रस्त्यावर मिळतात.