गॅसबत्ती ते विद्यापीठ गेट

दरवर्षी १४ जानेवारीला, संक्रांतीच्या सुमारास, जालना, बदनापूर, अंबड, परतूर या भागातली कितीतरी कुटुंबं छत्रपती संभाजीनगरची वाट धरतात. जालन्याहून अंतर साठेक किलोमीटर. कुणी रेल्वेने येतं, कुणी एसटीने, कुणी अख्ख्या वस्तीने मिळून केलेल्या टेम्पोतून. बायांच्या अंगावर पांढऱ्या साड्या, पोरांच्या हातात निळे झेंडे, फडक्यात बांधलेल्या भाकरी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या गेटला आधी अभिवादन करायचं, पुस्तकांच्या स्टॉलवर थोडं रेंगाळायचं आणि मग बाबासाहेबांवरच्या भीमगीतांना बसायचं. एका मंचावरची ढोलकी थांबत नाही तोच पलीकडच्या मंचावर कोरस सुरू होतो. तिकीट नाही, पास नाही, राखीव खुर्ची नाही.

प्रस्थापितांना आव्हान देणारा खुल्या मैदानावरचा संगीतसोहळा म्हटलं की जगाला वुडस्टॉक आठवतं. ऑगस्ट १९६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल इथे, मॅक्स यास्गर या दूध उत्पादकाच्या शेतावर चार लाखांच्या आसपास तरुण जमले. कुंपण वेळेत उभं राहिलं नाही, त्यामुळे तिकिटाचा प्रश्नच मिटला. पाऊस आणि चिखलाने सगळ्यांना झोडपलं, तरी गाणं चालू राहिलं. ती पोरं घरच्यांच्या जगावर रुसून आली होती. मराठवाड्यातल्या भीमगीतांच्या रात्रीला मात्र म्हातारी आजी, तिची सून आणि सुनेच्या कडेवरचं लेकरू एकाच सतरंजीवर बसत आली आहेत. तरीही यातलं बंड वुडस्टॉकपेक्षा तसूभरही कमी नाही. ज्या गावात पाणवठा वेगळा, त्याच गावात लाउडस्पीकर लावून माणुसकीचा हक्क गाऊन मागायचा, याला मोठी छाती लागते.

ही परंपरा जुनी आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुढे त्या चळवळीने तमाशाचा साचा उचलून सत्यशोधकी जलसे उभे केले. गण, गौळण, वग हा बाज लोकांच्या ओळखीचा होता. त्यात देवाधर्माच्या नावाने चालणाऱ्या लुबाडणुकीवर सवालजवाब आले. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. आपल्या दहा सभांइतकं काम एक जलसा करतो, असं बाबासाहेब म्हणत, अशी आठवण या मंडळींत सांगितली जाते. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि तिथे सभाबंदीचे हुकूम होते. त्यामुळे मराठवाड्यातल्या अस्पृश्यांची परिषद ३० डिसेंबर १९३८ रोजी भरली, ती कन्नडजवळच्या मक्रणपूरला, संस्थानच्या सीमेलगत.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर जलशाची जागा हळूहळू गायन पार्टीने घेतली. पेटी, ढोलकी, टाळ, एखादी बुलबुल तरंग, पुढे एक गायक आणि मागे झील धरणारे तिघे-चौघे. कधी दोन पार्ट्यांचा मुकाबला लागे आणि त्याला कव्वालीचा बाज असे. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याच चालीत जवाब द्यायचा. समाजमंदिरापुढच्या मोकळ्या जागेत, नाहीतर बैलगाडीवर फळ्या टाकून मंच व्हायचा. वीज नसेल तिथे गॅसबत्ती फुरफुरायची. जेवणं उरकून लोक नऊ-दहाला बसत ते तांबडं फुटेपर्यंत.

एखादं कडवं काळजाला भिडलं की कुणीतरी उठून पेटीवर नोट ठेवायचा. गायक गाणं थांबवून देणाऱ्याचं नाव-गाव पुकारायचा आणि त्याच्या नावाने पुन्हा तेच कडवं घ्यायचा. दोन रुपये दिले काय आणि पन्नास दिले काय, नाव तितक्याच मोठ्या आवाजात. ज्याला गावात एरवी कुणी नावाने हाक मारत नव्हतं, त्याच्या बापाचं नावसुद्धा सगळ्या शिवारात घुमायचं. या रात्रीचा खरा मान इथे होता.

या मंचाचे सगळ्यात मोठे कवी वामनदादा कर्डक, १९२२ ते २००४. जन्म सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. मुंबईत मजुरी करताना मोठेपणी अक्षरं गिरवली आणि पुढे हजारो गाणी लिहिली. आयुष्यभर गावोगाव फिरले, वस्तीतल्याच कुणाच्या तरी घरी मुक्काम केला. त्यांची गाणी लोक वहीत उतरवून घेत. अशा वह्या आजही जुन्या पेट्यांत सापडतात.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव केला आणि दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जळाली. त्या काळात गाणं म्हणणं जिवावरचं काम होतं. माजलगावकडचे शाहीर आत्माराम साळवे डफ घेऊन गावोगाव नामांतराची गाणी गात फिरले. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव जोडून नामविस्तार झाला, पण तो पाहायला साळवे उरले नव्हते. गेटसमोरच्या आजच्या गर्दीला या सगळ्याची पार्श्वभूमी आहे. म्हणून तिथे कोरस धरणारी बाई गाणं नुसतं ऐकत नाही, तिला प्रत्येक कडव्यामागचं गाव माहीत असतं.

आता रात्रभराचा मुकाबला क्वचितच रंगतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर भोंगा बंद. वर्षातल्या मोजक्या दिवशी सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण जी रात्र पूर्वी बारानंतर रंगात यायची ती आता बारालाच आवरावी लागते. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत गायन पार्टीची जागा डीजेने घेतली. त्या भिंतीएवढ्या आवाजात शब्दच ऐकू येत नाहीत आणि भीमगीताचा जीव तर शब्दांत आहे. दुसरीकडे, एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात यांचा आवाज मोबाइलमुळे घराघरांत पोचला, हीही याच काळातली गोष्ट.

पार्टीतली माणसं एप्रिल-मे महिन्यांत कार्यक्रम करतात आणि एरवी गवंडीकाम, शेतमजुरी किंवा रिक्षा. ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधन योजना आहे. २०२४ पासून तिची रक्कम महिना ५,००० रुपये झाली आहे. मात्र अर्जासोबत कलासेवेचे पुरावे जोडावे लागतात. चाळीस वर्षं वस्त्यावस्त्यांत झील धरलेल्या माणसाकडे ना छापील पत्रिका असते, ना प्रमाणपत्र. त्याचं गाणं ऐकलेली माणसं गावोगाव आहेत. ग्रामपंचायतीने आणि वस्तीतल्या जाणत्यांनी त्यांचे जबाब लेखी घेऊन अर्जाला जोडले पाहिजेत आणि निवड समितीने ते पुरावा म्हणून मानले पाहिजेत.