कूलर शांत आहे, पण कुठल्या खोलीत?

आपल्या छत्रपती संभाजीनगरात कुणी ‘कूलर घेतला’ म्हटलं, की डोळ्यांसमोर येतो तो खिडकीतला, पाणी भरायचा कूलर. आजच्या भागातला कूलर वेगळा आहे. डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर बसणारा एअर कूलर. प्रश्न असा, की ‘सायलेंट’ म्हणून जास्त पैसे मोजून घेतलेला कूलर आपल्याकडच्या मे महिन्यातही शांत राहतो का? आणि हे घरच्या घरी कसं तपासायचं?

आधी दोघांतला फरक बघू. खिडकीतला कूलर पाण्याचं बाष्पीभवन करून हवा थंड करतो. प्रोसेसरवरचा कूलर हवा थंड करत नाही, तो फक्त उष्णता वाहून नेतो. त्याच्या तांब्याच्या हीट पाइपमध्ये थोडासा द्रव असतो. प्रोसेसर तापला की त्याची वाफ होते, ती पातळ पत्र्यांपाशी, म्हणजे फिन्सपाशी, उष्णता सोडते आणि द्रव होऊन परत येते. पंखा फिन्समधून खोलीचीच हवा ढकलतो. त्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होणं शक्यच नाही.

आता साधं गणित करू. समजा, १०० वॅटच्या लोडवर २५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७० अंशांवर स्थिरावला. म्हणजे खोलीपेक्षा ४५ अंश जास्त. पंख्याचा वेग तोच ठेवला, तर हा फरक साधारण तेवढाच राहतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. खोली ३८ अंशांवर असेल, तर प्रोसेसर ८३ वर जाणार. म्हणून मी चाचणीत नुसतं तापमान लिहीत नाही, त्यातून खोलीचं तापमान वजा करतो.

खरी गंमत पुढे आहे. ८३ अंश दिसले की मदरबोर्ड पंख्याचा वेग वाढवतो. समजा, १००० आरपीएमचे १५०० झाले. पंख्याच्या ढोबळ नियमानुसार आवाज सुमारे ९ डेसिबलनं वाढतो. १० डेसिबलची वाढ आपल्या कानाला जवळपास दुप्पट वाटते. कूलर तोच, पण जानेवारीत शांत आणि मेमध्ये घोंगावणारा!

उदाहरण घ्या, ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचा एनएच-डी१५. २०१४ साली आलेल्या या मोठ्या कूलरवर १४० मिलिमीटरचे दोन पंखे आहेत. पंख्याचा कमाल वेग १५०० आरपीएम आणि कंपनीनं दिलेला आवाज २४.६ डेसिबल. पण हा आकडा पंख्याचा झाला. तुमच्या खोलीत, तुमच्या प्रोसेसरला थंड ठेवायला तो किती वेगानं फिरवावा लागेल, हे त्यात नाही. ते आपणच मोजायचं.

माझी पद्धत अशी. थर्मामीटर भिंतीवर नाही, तर कॅबिनेट जिथून हवा ओढतं तिथे ठेवायचा. बायोसमधून पंख्याचा वेग कायम करायचा. सिनेबेंचसारखा लोड अर्धा तास चालू ठेवायचा आणि तापमान स्थिरावलं की लिहून घ्यायचं. मग ८००, १०००, १२०० आरपीएमवर हेच पुन्हा. आवाज रात्री मोजायचा, छताचा पंखा आणि खिडकीतला कूलर बंद करून, नाहीतर त्यांचाच आवाज मोजला जाईल. मोबाइल प्रत्येक वेळी एकाच जागी ठेवा. ॲपमधला आकडा अचूक नसतो, पण दोन नोंदींमधला फरक कामाचा असतो. दोन कूलरची तुलना करताना आवाज सारखा ठेवा आणि मग तापमान बघा. एक हळू आणि एक जोरात फिरत असेल, तर ती तुलनाच नाही.

आता पैशांचं बोलू. नवीन कूलर घेण्याआधी दोन फुकटचे उपाय करा. पहिला, बायोसमध्ये प्रोसेसरची वीजमर्यादा कमी करा. वरच्या उदाहरणात १०० चे ८० वॅट केले, तर फरक ४५ वरून ३६ वर येतो, म्हणजे ३८ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७४ वर. कामाचा वेग कमी होतो, पण सहसा वीज जितकी कमी केली तितका नाही. दुसरा, उन्हाळ्यासाठी फॅन कर्व्ह बदला. ७० अंशांना घाबरून पंखा पळवायची गरज नाही. रायझन ७००० मालिकेतल्या बऱ्याच प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश आहे. तुमच्या प्रोसेसरची मर्यादा तपासा आणि त्याखाली पुरेशी जागा ठेवून वेग ठरवा.

फिन्समधली धूळही ब्रशनं काढा. पीसी बंद करून, पंख्याची पाती धरून. खिडकीतल्या कूलरचा दमट झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका.

एवढं करूनही रेकॉर्डिंगमध्ये घरघर येत असेल, तर मोठा कूलर जरूर घ्या. त्याच्या फिन्स जास्त असल्यामुळे तेच काम तो कमी वेगात करतो. फक्त कॅबिनेटची रुंदी आधी मोजा. एनएच-डी१५ची उंची १६५ मिलिमीटर आहे, झाकण लागलं नाही तर पंचाईत! तुमचे आकडे पाठवताना खोलीचं तापमान मात्र नक्की लिहा. भेटू पुढच्या भागात.