अपरिचित हत्यारांची पारख : गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरातील किरकोळ सुतारकाम, दुरुस्ती आणि परसबागेची मशागत यांसाठी लागणारी हातहत्यारे, म्हणजे वीज किंवा इंजिनाशिवाय केवळ माणसाच्या बळावर चालणारी साधने, निवडताना बहुतेकांचे लक्ष वजन, चकाकी आणि ओळखीचा आकार या तीन गोष्टींवर असते. या तिन्हींवरून हत्याराच्या गुणाविषयी फारच थोडे कळते. सोलापूर जिल्ह्यात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण येथील काळी माती, सुमारे ५५० मिलिमीटरचा बेभरवशाचा पाऊस, कडक उन्हाळा आणि ज्वारी, ऊस, डाळिंब अशी परस्परांहून वेगळ्या स्वभावाची पिके यांनी मिळून अनेक खास हत्यारांना जन्म दिला आहे. शहरात वाढलेल्या वाचकाला मात्र त्यांतील बरीचशी विचित्र, जुनाट किंवा निरुपयोगी वाटतात. अशा हत्यारांविषयी रूढ असलेल्या समजुती वस्तुस्थितीच्या कसोटीवर तपासून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

गैरसमज १ : हत्यार जितके जड, तितके चांगले

वजनाचा संबंध मजबुतीशी नसून कामाच्या प्रकाराशी असतो. घाव घालणाऱ्या हत्याराची ऊर्जा त्याच्या वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वजन दुप्पट केले तर घावाची ऊर्जा दुप्पट होते आणि वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते. न पेलणाऱ्या जड कुऱ्हाडीचा वेग मंदावतो आणि अर्ध्या तासात हात थकतो, तेव्हा वाढीव वजनाचा फायदा उरत नाही. शिवाय एकूण वजनापेक्षा ते कोठे साठवले आहे याला अधिक महत्त्व असते. ऊसतोडीच्या कोयत्याचे पाते मुठीकडून टोकाकडे रुंद होत जाते, त्यामुळे वजन घावाच्या जागी एकवटते आणि ऊस जमिनीलगत, म्हणजे साखरेचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या बुडख्यापाशी, एका घावात तुटतो. याउलट खुरपे हे ओढून तण काढण्याचे हत्यार असल्याने त्यात अनावश्यक वजन असेल, तर ते केवळ मनगटाला भार देते.

मातीचाही येथे विचार करावा लागतो. सोलापूरच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज भरपूर असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसते, म्हणून हीच जमीन पावसात चिकट लगदा बनते आणि उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते. ओल्या चिखलात कितीही जड कुदळ चालवली तरी माती पात्याला चिकटून राहते आणि वाळल्यावर टणक ढेकळे निघतात. ओल आणि हवा यांचे योग्य प्रमाण असलेली, भुसभुशीत होऊ शकणारी स्थिती म्हणजे वाफसा, आणि वाफशावर चालवलेली हलकी कुदळ अवेळी चालवलेल्या जड कुदळीपेक्षा अधिक काम देते.

गैरसमज २ : पाणी पाजले की कोणतेही लोखंड कडक होते

तापवून लाल केलेले हत्यार एकदम पाण्यात बुडवण्याच्या क्रियेला लोहार 'पाणी पाजणे' म्हणतात. या क्रियेने कडकपणा येतो हे खरे, परंतु तो पाण्यातून येत नाही. लोखंडात मिसळलेल्या कार्बनमुळे येतो. कार्बन साधारण ०.२५ टक्क्यांहून कमी असेल, तर त्या सौम्य पोलादाला कितीही वेळा पाणी पाजले तरी धार धरण्याइतका कडकपणा येत नाही. बांधकामाच्या सळईत कार्बन साधारण ०.३ टक्क्यांच्या आत ठेवलेला असतो, म्हणून सळई ठोकून केलेले खुरपे लवकर बोथट होते. मालमोटारीच्या कमानपाट्यात तो ०.५ ते ०.६५ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून रस्त्याकडेला भट्टी पेटवून बसणारे घिसाडी आणि गावोगावचे लोहार विळा, कोयता व कुऱ्हाडीसाठी असा पाटा आवर्जून निवडतात. ही निवड टाकाऊतून काहीतरी भागवण्याची नसून धातूच्या जाणकारीची आहे.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पाणी पाजल्यानंतर पोलाद कडक होते तसेच ठिसूळही होते, आणि तसेच वापरले तर धारेचे टवके उडतात. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर तापवावे लागते. या वेळी घासून उजळ केलेल्या पृष्ठभागावर रंगांचे पट्टे सरकताना दिसतात : सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा, त्याहून वर तपकिरी व जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. पिवळ्यावर थांबवलेली धार कडक राहते, ती पटाशीसारख्या सुतारी हत्याराला शोभते. निळ्याकडे नेलेली धार चिवट होते, ती घाव सोसणाऱ्या हत्याराला उपयोगी पडते. अनुभवी लोहार बहुधा केवळ धारेची कड बुडवतो आणि पाठीचा भाग मऊ ठेवतो, जेणेकरून कड धार धरील आणि पाठ धक्का सोसेल.

दुकानात हत्यार ऐरणीवर किंवा दगडावर आपटून त्याच्या ठणठणीत आवाजावरून पोलाद ओळखण्याची पद्धत याच गैरसमजाची पुढची पायरी होय. आवाज बद्द आला तर आत तडा असू शकतो, एवढेच त्यावरून समजते. कडकपणा समजत नाही. त्यासाठी धारेच्या कडेवर बारीक कानस हलकेच फिरवून पाहावी. कानस घसरली तर कड कडक आहे, सहज चावून भुगा काढू लागली तर ती मऊ आहे, आणि थोड्या प्रयत्नाने चावली तर शेतीच्या हत्यारासाठी ती बहुधा योग्य आहे.

गैरसमज ३ : सायकल कोळपे म्हणजे नाइलाजाची जोडणी

कोळपे म्हणजे पिकाच्या दोन ओळींमधील तण कापून मातीचा वरचा थर हलवणारे अवजार, आणि त्याच्या आडव्या लोखंडी पात्याला पास म्हणतात. जुन्या सायकलीचे चाक, दोन मुठी आणि एक पास जोडून तयार केलेले सायकल कोळपे पाहून बैल किंवा यंत्र न परवडणाऱ्याने केलेली ही तडजोड असावी असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्याची रचना विचारपूर्वक केलेली आहे. चाक अवजाराचा भार पेलते, त्यामुळे माणसाची शक्ती उचलण्यात न जाता केवळ कापण्यात खर्च होते. पास जमिनीला थोडा कोन करून बसवलेली असल्याने ती दोन-तीन सेंटिमीटर खोलीवर सरकत तणाची मुळे छाटते. आणि माणूस वाकत नसल्याने पाठ वाचते. त्याची मर्यादा एवढीच की तण लहान असतानाच ते चालवले पाहिजे, कारण वाढलेले तण पासेवर गुंतते आणि अवजार अडते.

कोळपणीचा हेतू केवळ तण काढणे हा आहे, ही समजूतही अपुरी आहे. कोरडवाहू शेतीच्या अभ्यासासाठी सोलापुरात १९३३ मध्ये संशोधन केंद्र सुरू झाले, आणि या भागातील रब्बी ज्वारीसाठी रूढ झालेल्या शिफारशीत तीन वेगवेगळी कोळपी सांगितलेली आहेत. पीक तीन आठवड्यांचे असताना फटीचे कोळपे, म्हणजे पासेच्या मधोमध मोकळी जागा ठेवलेले, चालवतात, ज्यामुळे कोवळ्या रोपांची ओळ त्या फटीतून सुखरूप जाते. पाचव्या आठवड्यात अखंड पासेचे कोळपे तण आणि मातीचा पापुद्रा कापते. आणि आठव्या आठवड्यात, जमीन भेगाळू लागते तेव्हा, दातेरी कोळपे माती उकरून भेगा बुजवते. भेगा उघड्या राहिल्या तर त्यांच्या दोन्ही भिंतींतून खोलवरची ओल उडून जाते आणि मुळेही तुटतात; वरचा भुसभुशीत थर मात्र खालच्या ओलीवर आच्छादनासारखे काम करतो. एक कोळपणी अर्ध्या पाण्याचे काम करते, असे शेतकरी म्हणतात ते याच अर्थाने. कोळप्याच्या तीन आकारांमागे पिकाच्या वयाचा आणि जमिनीच्या अवस्थेचा असा नेमका हिशेब आहे. परसबागेतील भाजीच्या वाफ्यांनाही तोच नियम लागू होतो, म्हणून सायकल कोळपे घेताना त्याची पास बदलता येते की नाही हे आधी पाहावे.

गैरसमज ४ : धार दोन्ही बाजूंनी लावली की हत्यार अधिक चालते

कुऱ्हाडीला दोन्ही बाजूंनी उतार असतो, कारण तिला लाकूड फाडत दोन्हीकडे सारायचे असते. पटाशी आणि रंध्याचे पाते यांना एकाच बाजूने साधारण २५ ते ३० अंशांचा उतार असतो आणि पाठ सपाट असते. सपाट पाठ लाकडावर टेकून दिशा देते, तर उतार कापतो. पाठीकडून घासून तेथेही उतार केला, तर हत्यार सरळ रेषेत चालत नाही. दातेरी विळ्याच्या दातांची धार घडवतानाही एकाच बाजूला काढलेली असते, म्हणून साध्या विळ्याप्रमाणे तो दगडावर घासला की दात झिजतात आणि विळा कायमचा बिघडतो.

डाळिंबाच्या छाटणीत या चुकीची किंमत मोठी असते. छाटणीच्या कात्रीचे एक पाते दुसऱ्याला घासून पुढे जाते. त्याच्या आतल्या सपाट बाजूला कानस लावली, तर दोन पात्यांत फट पडते आणि फांदी कापली न जाता चेचली जाते. चेचलेली जखम भरायला वेळ लागतो. डाळिंबावरील 'तेल्या' हा जिवाणूजन्य रोग जखमांमधून शिरतो आणि रोगट झाडावर वापरलेल्या कात्रीतूनही पसरतो. म्हणूनच एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या १ टक्का द्रावणात बुडवावी, अशी शिफारस केली जाते; फडक्याने पुसणे पुरेसे नसते. हे द्रावण पोलादाला गंजवते, त्यामुळे दिवसाचे काम संपताच कात्री स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेलाचा हात देऊन ठेवावी लागते. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून ज्या सोलापूर शहरात आहे, तेथे परसातील दोन झाडांसाठीही ही शिस्त पाळणे उचित ठरेल.

गैरसमज ५ : करवत पुढे ढकलताना कापते, ओढून कापणारी करवत परदेशी

बाजारात मिळणाऱ्या अनेक करवतींचे दात पुढे झुकलेले असतात आणि त्या ढकलताना कापतात, हे खरे. ओढताना कापणारी जपानी करवत अलीकडे नवलाई म्हणून विकली जाते; परंतु जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून धरून काम करणाऱ्या भारतीय सुतारांतही ओढून कापणाऱ्या करवती पूर्वीपासून प्रचलित होत्या. ढकलल्यावर पातळ पाते वाकते, म्हणून ढकलण्याच्या करवतीचे पाते जाड ठेवावे लागते. ओढल्यावर पाते ताणले जाऊन सरळ राहते, म्हणून ते पातळ चालते, लाकूड कमी वाया जाते आणि श्रमही कमी लागतात. अपरिचित करवत हाती आली, तर दातांवरून बोट दोन्ही दिशांना अगदी हलके फिरवावे. ज्या दिशेने दात बोटाला अडतात, त्याच्या उलट दिशेने करवत चालताना कापते.

गैरसमज ६ : दांडा ढिला झाला की पाण्यात भिजवावा

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो, लाकडातील ओल उडते, दांडा आकसतो आणि कुऱ्हाडीचे डोके हलू लागते. पाण्यात भिजवल्यावर लाकूड फुगून डोके घट्ट बसते, पण फुगताना लोखंडी तुंब्याच्या, म्हणजे दांडा बसवण्याच्या पोकळीच्या, भिंतींवर दाबले जाऊन लाकडाचे तंतू चिरडतात. वाळल्यावर तो दांडा पहिल्याहून अधिक ढिला होतो. खरा उपाय दांडा पूर्ण वाळवून, नीट बसवून नवी पाचर ठोकणे हा आहे. टिकावाला मात्र पाचर लागत नाही, कारण त्याचा दांडा वरून घालतात आणि जाड टोकावर डोके अडकते, त्यामुळे प्रत्येक घावाबरोबर ते अधिक घट्ट होत जाते.

दांड्यासाठी बाभूळ आणि धावडा ही चिवट लाकडे नावाजलेली आहेत. निवडताना मात्र जातीइतकेच तंतूंकडे पाहावे. तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड गेलेले असावेत, कारण तिरपे तंतू दांड्याच्या कडेला जेथे बाहेर पडतात तेथेच तो मोडतो. दांड्याला कोणतेही तेल चालते, हाही भ्रम आहे. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल सुकत नाही आणि दांडा चिकट राहतो. जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून घट्ट होते आणि लाकडावर संरक्षक थर धरते. सोलापूरच्या रब्बी हंगामात परंपरेने घेतल्या जाणाऱ्या करडईच्या तेलातही हा गुण बऱ्यापैकी आहे, म्हणून ते रंगांमध्येही वापरले जाते.

गैरसमज ७ : गंजलेले टाकाऊ, चकचकीत टिकाऊ

वरवरचा तांबूस गंज घासून जातो आणि त्याखालचे पोलाद शाबूत असू शकते. धारेलगत खोल खड्डे पडले असतील, तरच हत्यार निकामी समजावे. चकाकी बहुधा मुलाम्याची किंवा पॉलिशची असते. न गंजणारे पोलादही अनेक प्रतींचे असते आणि त्यातील मऊ प्रती धार धरत नाहीत.

पारखीचा क्रम

अनोळखी हत्याराविषयी काही प्रश्न क्रमाने विचारले, तर बहुतेक गैरसमज आपोआप दूर होतात : ते माती, लाकूड की हिरवी फांदी कापण्यासाठी आहे, ते घाव घालून, ढकलून की ओढून चालते, त्याचा उतार कोणत्या बाजूला आहे, डोके दांड्याला कशाने धरले आहे, आणि धार गेली किंवा कड झिजली, तर ते पंचक्रोशीत कोण दुरुस्त करील. शेवटचा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, वस्तुतः तोच हत्याराचे आयुष्य ठरवतो. झिजलेल्या कुऱ्हाडीला किंवा पासेला नवे पोलाद जोडून, पुन्हा ठोकून धार आणण्याला 'शेवटणे' म्हणतात. जे हत्यार शेवटून घेता येते, ते पिढ्यान् पिढ्या चालते आणि जे येत नाही, ते पहिल्या मोठ्या झिजेबरोबर भंगारात जाते. म्हणून नवे हत्यार घेण्यापूर्वी जवळच्या लोहाराला ते दाखवून त्याचे मत घ्यावे आणि त्या कामाचा योग्य मोबदलाही द्यावा, कारण पोलादाची ही जाणकारी त्या भट्टीवरच टिकून आहे आणि भट्टी विझली, तर चांगल्यातले चांगले हत्यारही एकदाच वापरून टाकण्याची वस्तू बनेल.