नाच शिकायला पुण्याला?

आमची भाची आठवीत आहे. आमच्या मोठ्या आपांचं घर वेल्ह्याकडे, म्हणजे आता ज्याला राजगड तालुका म्हणतात तिथं. मुलगी शाळेसाठी आमच्याकडे भोरला राहते. ईदनंतरच्या आठवड्यात सगळे जमलेले असताना तिनं सांगून टाकलं, की दहावी झाल्यावर तिला नाच शिकायचाय. हौस म्हणून नाही, पुढं तेच काम करायचं म्हणून. आणि त्यासाठी पुण्यात राहायचंय.

घरात पुढं काय झालं असेल ते वाचकांना वेगळं सांगायला नको. दुल्हाभाई ताटावरून उठले. आपा रडायला लागल्या. हे सगळं मोबाईलमुळं, असा अम्मींनी निकाल दिला. आम्ही नवरा-बायको मधल्या मध्ये सापडलो, कारण मुलगी आमच्याकडे राहते आणि मोबाईलही आमचाच.

दोन दिवस आरडाओरडा झाल्यावर आमच्या ध्यानात आलं, की नाचाचं शिक्षण म्हणजे नेमकं काय, हे घरात कुणालाच माहीत नाही. नको म्हणणाऱ्यांना माहीत नव्हतं आणि हट्ट धरणारीलाही नव्हतं. गॅदरिंगच्या आधी शाळेत येऊन स्टेप बसवून देणारे सर आणि टीव्हीवरच्या स्पर्धा, एवढीच आमची माहिती. मग आम्ही ठरवलं, आधी चौकशी करू. डॉक्टरकीला पाठवताना कॉलेज, फी, हॉस्टेल सगळं विचारतोच ना आपण? चार महिने विचारपूस केली, ती इथं मांडतो आहोत. अशी मुलं इतरही घरांत आहेत. त्यांच्याविषयी कुणी बोलत नाही, एवढंच.

मुलीच्या डोक्यात हे आलं एका सिनेमातून. सूनी तारापोरवाला यांचा ‘ये बॅले’ २०२० साली आला. मुंबईतल्या दोन मुलांची ती गोष्ट खरी घडलेली आहे. एक अमिरुद्दीन शाह, नवी मुंबईतल्या एका वेल्डरचा मुलगा. दुसरा मनीष चौहान, टॅक्सीचालकाचा मुलगा. दोघंही अॅशली लोबो यांच्या डान्सवर्क्स या संस्थेत पोचले आणि तिथं येहूदा माओर या वयस्कर इस्रायली शिक्षकाच्या हाती लागले. मुसलमान वेल्डरचा मुलगा आणि यहुदी उस्ताद! बातम्यांमधलं जग पाहता ही जोडी आम्हाला फार नवलाची वाटली. अमिरुद्दीनला त्याआधी बॅले हा शब्दही माहीत नव्हता. जेमतेम अडीच-तीन वर्षांच्या मेहनतीवर, २०१७ साली, पंधराव्या वर्षी त्याला न्यूयॉर्कच्या अमेरिकन बॅले थिएटरच्या शाळेत जागा मिळाली. खर्चासाठी लोकांकडून पैसे गोळा करावे लागले. पुढं लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्येही तो शिकला. सिनेमात मनीषनं आपली भूमिका स्वतःच केली. अमिरुद्दीनची मात्र दुसऱ्या मुलानं केली.

गोष्ट खरी आहे, पण ती अपवादाची आहे, हे मुलीला समजावताना आम्हालाही नीट समजून घ्यावं लागलं. रॉयल बॅले स्कूल १९२६ साली निनेट द व्हॅल्वा या बाईंनी सुरू केलं. तिथं मुलं अकराव्या वर्षी येतात. सोळापर्यंत एका शाळेत निवासी राहतात आणि त्यातून निवडलेली एकोणीसपर्यंत वरच्या शाळेत. रशियातली सेंट पीटर्सबर्गची शाळा तर १७३८ सालची. तिथं दहाव्या वर्षी घेतात आणि आठ वर्षं घडवतात. इतक्या लहान वयात का, तर मांडी खुब्यातून बाहेरच्या बाजूला वळवून ठेवणं, पाठ, घोटा हे सगळं हाडं वाढत असतानाच सवयीचं व्हावं लागतं. आणि घाई करूनही चालत नाही. बोटांच्या टोकांवर उभं राहायचे कडक बूट मुलींना साधारण अकरा-बारा वर्षांच्या आधी देत नाहीत, तेही आधीची काही वर्षं पाय तयार झाले असतील तरच. मग रोज चार-पाच तास, आठवड्यातले सहा दिवस. एवढं करून बहुतेकांचं नाचणं पस्तीस-चाळिशीच्या आत थांबतं. चौदा वर्षांच्या मुलीनं भोरला बसून बॅलेचं स्वप्न बघणं म्हणजे गाडी सुटून गेल्यावर फलाटावर जाणं. आम्ही तिला हे साफ सांगितलं. ती रडली, पण ऐकून घेतलं.

दुसरी वाट वसई-नायगावच्या पोरांची. किंग्ज युनायटेड या वसईकडच्या चमूनं २०१९ साली अमेरिकेतली ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ ही स्पर्धा जिंकली. व्ही अनबीटेबल या चमूनं २०२० साली तिथलीच दुसरी मोठी स्पर्धा जिंकली. चाळीतली, झोपडपट्टीतली मुलं, शाळा नाही, पदवी नाही, रात्रभर सराव. पण त्या ‘व्ही’चा अर्थ आम्ही शोधला, तेव्हा कळलं की सरावात पडून जायबंदी झालेल्या आणि नंतर वारलेल्या एका सोबत्याच्या नावाचं ते आद्याक्षर आहे. दुल्हाभाईंना आम्ही हे सांगितलं नाही. इथं लिहितो आहोत, म्हणजे आता कळेलच.

उरलं कथक. आणि कथकासाठी पुण्यासारखं गाव नाही. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती सुरू केली आणि २००८ साली जाईपर्यंत पिढ्याच्या पिढ्या घडवल्या. आज पुण्यातल्या कित्येक पेठांत आणि सोसायट्यांत घुंगरांचा आवाज येतो, त्यामागं त्यांच्या शिष्यांचा आणि शिष्यांच्या शिष्यांचा मोठा वाटा आहे. पुणे विद्यापीठातल्या ललित कला केंद्रात बारावीनंतर नृत्याची रीतसर पदवी घेता येते. प्रवेशासाठी प्रत्यक्ष करून दाखवावं लागतं. त्याआधीची पायरी म्हणजे गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा: प्रारंभिक, प्रवेशिकेच्या दोन, मध्यमाच्या दोन, विशारदच्या दोन आणि शेवटी अलंकार. दर वर्षी एक धरली तरी विशारदला सात वर्षं लागतात. म्हणजे आज नाव घातलं तर मुलगी एकविसाव्या वर्षी विशारद. ठरावीक परीक्षा उत्तीर्ण असतील तर दहावीला वाढीव गुण मिळतात, हे ऐकून आपांचा चेहरा पहिल्यांदा जरा खुलला.

एका रविवारी आम्ही मुलीला घेऊन पुण्याला गेलो. भोर ते स्वारगेट पन्नासेक किलोमीटर. कापूरहोळ, शिवापूर, कात्रज. शिवापूरला कमरअली दुर्वेश बाबांच्या दर्ग्याच्या दिशेनं मुलीनं गुपचूप हात जोडल्यासारखं केलं आणि फातिहा पुटपुटली. काय मागितलं ते आम्ही विचारलं नाही.

क्लास म्हणजे एक रिकामी खोली. फरशी, कोपऱ्यात तबला, पेटी. आलेल्या मुलींनी घुंगरं बांधली, एकेका पायात शंभर-दीडशे. बांधायलाच दहा मिनिटं. आणि मग पाऊण तास फक्त पाय. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. सोळा मात्रा, पुन्हा सोळा, मग दुप्पट, मग चौपट. कंबरेवरचं अंग हलायचं नाही. ना गाणं, ना हावभाव. आमच्या भाचीनं घरून दोन गाण्यांवरचा नाच तयार करून नेला होता. तो कुणी पाहिलाच नाही. बाईंनी तिला शेवटच्या रांगेत, सात-आठ वर्षांच्या पोरींबरोबर उभं केलं. नंतर हातानं ताल धरून बोल तोंडानं म्हणायला सांगितलं. त्याला पढंत म्हणतात. पाय चालवण्याआधी जिभेवर यायला हवं, असा त्यांचा शिरस्ता. तिला चार ओळीही सलग जमल्या नाहीत. परतताना कात्रजच्या बोगद्यापासून घर येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. आम्हाला वाटलं, सुटलो.

पुढच्या रविवारी ती आमच्याआधी तयार होऊन बसली होती.

त्या खोलीत बसल्या बसल्या आम्हाला एक गंमत जाणवली. सरावाला रियाज म्हणतात. मंचावर प्रवेश करतानाच्या रचनेला आमद. एक रचना सलामी. हे सगळे आपल्याच घरातले शब्द. कथकाचं लखनऊ घराणं वाढलं ते नवाब वाजिद अली शाह यांच्या पदरी. इंग्रजांनी १८५६ साली त्यांचं राज्य घेतलं तेव्हा ते कोलकात्याला गेले आणि गाणंनाचणंही बरोबर घेऊन गेले. आता तो नवाबी शौक होता, दीन नव्हे, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे.

कारण मुख्य अडचण तिथंच आहे आणि ती टाळून हा लेख लिहिणं बेईमानी होईल. आम्ही आलिम नाही. आम्ही मौलानासाहेबांना विचारलं. ते रागावले नाहीत, पण मुलीनं परक्या पुरुषांसमोर नाचणं जायज नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. बहुतेक उलेमा हेच सांगतील. ईदच्या दिवशी हबशी लोकांनी मशिदीत भाल्यांचे खेळ केले आणि हजरत आयेशा यांनी ते पाहिले, ही हदीस काही जण पुढं करतात. दुसरे म्हणतात, तो शस्त्रांचा सराव होता, त्याचा नाचाशी संबंध जोडू नका. आमच्या घरातही यावर एकमत नाही आणि होईल असं वाटत नाही. दुसरी बाजूही आहे. कथकात सुरुवातीला पुष्कळदा देवाची वंदना असते, राधाकृष्णाचे प्रसंग असतात, गुरूच्या पाया पडायची रीत असते. आपल्या मुलीनं त्यात कुठवर जायचं, हे आधीच बाईंशी बोलून घेतलेलं बरं. आम्ही बोललो. त्यांना हा प्रश्न नवा नव्हता. सलाम केला तरी चालेल, म्हणाल्या. वंदनेच्या वेळी बाजूला बसायलाही त्यांची हरकत नव्हती.

आमचं मत विचाराल तर एवढंच, की लपूनछपून होणारं सगळ्यात वाईट. घरी सांगायची सोय नसली की मुलं कुणातरी ठेकेदाराच्या नादानं लग्नाच्या कार्यक्रमांत, ऑर्केस्ट्रात जातात. तिथं शिकवणारं कुणी नसतं आणि घरच्यांना तर पत्ताच नसतो.

जोहरा सहगल यांना आपण म्हाताऱ्या आजी म्हणून सिनेमात पाहिलंय. त्या रोहिल्ला पठाण घराण्यातल्या, जन्म १९१२ चा. लाहोरच्या क्वीन मेरी कॉलेजात शिक्षण झालं, मग मामांबरोबर मोटारीनं प्रवास करत युरोप गाठलं आणि जर्मनीत ड्रेस्डेनला मेरी विगमन यांच्या शाळेत तीन वर्षं नाच शिकल्या. त्यानंतर १९३५ साली उदय शंकर यांच्या चमूत गेल्या आणि पुढं चौदा वर्षं पृथ्वी थिएटरमध्ये. आज सुद्धा किती घरं असं करतील? पण आम्हाला त्यातलं भावलं ते असं, की आधी शिक्षण पुरं झालं, घरातला माणूस बरोबर गेला, आणि मुलगी कुठं आहे, काय शिकते आहे, हे घरात ठाऊक होतं. शंभर टक्के पसंती असेलच असं नाही.

आता पैसा. क्लासची फी भागवता येईल, हिशेब मोडतो तो खोलीभाड्यात आणि जेवणात. दहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी दिल्लीच्या सीसीआरटी या सरकारी संस्थेची शिष्यवृत्ती असते, आणि पुढं अठरा ते पंचवीस वयासाठी सांस्कृतिक मंत्रालयाची, दोन वर्षं दरमहा ५००० रुपयांची. पहिलीचं वय आमच्या मुलीच्या हातून निसटत चाललंय. हे आम्हाला दोन वर्षं आधी कळायला हवं होतं. ज्यांच्या घरी दहा-अकरा वर्षांचं मूल आहे त्यांनी लक्षात ठेवावं. आणि पदवी, विशारद सगळं झालं तरी मंचावर पोट भरणारे थोडेच. बहुतेक जण शिकवतात. बाईंनी हे स्वतःहून सांगितलं, म्हणून त्यांच्यावर आमचा भरवसा बसला.

तूर्तास घरात ठरलंय ते असं. दहावीपर्यंत मुक्काम भोरलाच. दर रविवारी पुणे, आम्हा दोघांपैकी एक जण सोबत. बाकीचे दिवस सकाळी अर्धा तास घरी पाय, शेजारच्या आजारी चाचींना त्रास नको म्हणून घुंगरांशिवाय, गोधडी अंथरून. अभ्यास मागं पडला तर बंद. मंचावर जायचं की नाही, हा प्रश्न अजून उघडलेलाच नाही. मौलानासाहेबांशी दुल्हाभाई पुन्हा बोलणार आहेत.

गेल्या आठवड्यात त्यांचा वेल्ह्याहून फोन आला. इकडचं तिकडचं बोलले, भाताच्या लावणीचं, पावसाचं. मुलीचा विषय नाही. फोन ठेवता ठेवता मात्र विचारलं, रविवारी स्वारगेटहून भोरची शेवटची एसटी किती वाजता सुटते?