नफा हलाल हवा, तर जोखीमही आपली

रत्नागिरी, चिपळूण, महाडकडच्या अनेक मुस्लिम घरांत दोन-तीन पिढ्या आखातातून पैसा येत राहिला. तो बहुतेक जमिनीत गेला, घरात गेला, सोन्यात गेला. मुदत ठेवीवर व्याज, म्हणून ती नको. शेअर बाजार म्हणजे जुगार, म्हणून तोही नको. मग एखाद्या दिवशी ओळखीतलंच कुणीतरी ‘हलाल नफ्या’ची योजना घेऊन येतं आणि आयुष्यभराची पुंजी तिथे जाते. श्रद्धा प्रामाणिक, कष्टही प्रामाणिक, पण माहिती अर्धवट. त्या अर्धवटपणाची किंमत फार मोठी आहे. शरियतनुसार गुंतवणुकीबद्दलचे समज म्हणूनच एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज १ : पैशातून पैसा मिळवणं इस्लामला मान्यच नाही.

वस्तुस्थिती : व्यापार आणि त्यातला नफा मान्य आहे, व्याज म्हणजे रिबा मान्य नाही. पैगंबर मुहम्मद स्वतः व्यापारी होते. हजरत खदिजा यांचा माल घेऊन ते शामकडे, म्हणजे आजच्या सीरियाच्या भागात, गेले होते. एकाचं भांडवल, दुसऱ्याची मेहनत आणि नफ्यातला वाटा आधीच ठरलेला, अशा भागीदारीला मुदारबा म्हणतात. धंदा बुडाला तर भांडवलाचा तोटा पैसेवाल्याचा; मेहनत करणाऱ्याचे श्रम वाया जातात, पण त्याने हयगय किंवा लबाडी केलेली नसेल तर त्याच्यावर पैशाची भरपाई येत नाही. दोघांचंही भांडवल असेल तर ती मुशारका.

सावकाराचं गणित उलटं असतं. धंदा चालो वा बुडो, त्याचं व्याज सुरूच. नेमका हा एकतर्फी सौदा इस्लामी कायदा नाकारतो. त्यासोबत घरर, म्हणजे व्यवहारातली अतोनात अनिश्चितता, आणि मैसिर, म्हणजे जुगार, याही गोष्टी वर्ज्य आहेत. पैसा वाढावा, पण धंद्याच्या बऱ्यावाईटात भाग घेऊन वाढावा, हा या सगळ्यामागचा विचार.

गैरसमज २ : शेअर बाजार म्हणजे जुगार, तेव्हा तो सरसकट हराम.

वस्तुस्थिती : शेअर म्हणजे कंपनीतली मालकी. ती घेणं हे भागीदारीचंच एक रूप आहे, असं आजच्या बहुतेक इस्लामी अर्थतज्ज्ञांचं मत आहे. मात्र कंपनी दोन चाळण्यांतून जावी लागते.

पहिली चाळणी धंद्याची. व्याजावर चालणाऱ्या बँका, वित्तसंस्था आणि पारंपरिक विमा, तसंच दारू, तंबाखू, डुकराचं मांस, जुगार आणि अश्लील मनोरंजन यांतल्या कंपन्या इथेच बाद होतात. दुसरी चाळणी ताळेबंदाची. कंपनीवर व्याजी कर्ज किती, व्याजावर ठेवलेला पैसा किती आणि निषिद्ध मार्गाने आलेलं उत्पन्न किती, हे त्यात पाहतात. बहारीनमधली ‘आयोफी’ ही संस्था इस्लामी वित्तव्यवहाराचे निकष ठरवते. तिच्या निकषानुसार व्याजी कर्ज बाजारमूल्याच्या ३० टक्क्यांपेक्षा आणि निषिद्ध उत्पन्न एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावं. डाऊ जोन्सच्या इस्लामी निर्देशांकात कर्जाची मर्यादा ३३ टक्के आहे.

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहा. समजा, एका औषध कंपनीचं बाजारमूल्य १,००० कोटी रुपये आणि व्याजी कर्ज २८० कोटी. प्रमाण २८ टक्के, म्हणजे कंपनी पास. पुढे मंदीत बाजारमूल्य ८०० कोटींवर आलं आणि कर्ज तेवढंच राहिलं, तर प्रमाण ३५ टक्के होतं आणि कंपनी नापास ठरते. बाजाराच्या रोजच्या चढउताराने यादी हलू नये म्हणून काही निर्देशांक कित्येक महिन्यांची सरासरी धरतात. तरीही यादी ठरावीक काळाने बदलतेच. आज हलाल यादीत असलेला शेअर कायम तिथे राहील असं गृहीत धरू नका.

फ्युचर्स-ऑप्शन्स, हातात शेअर नसताना केलेली विक्री आणि उसन्या पैशावरचा सट्टा हे मात्र बहुतेक उलेमा नाकारतात. त्यांची भीती किती रास्त आहे ते शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या २०२४ च्या अभ्यासातून दिसतं. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता.

गैरसमज ३ : यादीत नाव आलं म्हणजे व्याजाचा लवलेशही नाही.

वस्तुस्थिती : आजच्या अर्थव्यवस्थेत व्याजाशी अजिबात संबंध नसलेली मोठी कंपनी सापडणं दुरापास्त. चांगल्या कंपनीचाही शिल्लक पैसा बँकेत असतो आणि त्यावर व्याज येतं. वार्षिक अहवालातल्या नफा-तोटा पत्रकात ‘इतर उत्पन्न’ या ओळीखाली ते सापडतं. म्हणून शुद्धीकरणाची पद्धत आहे. कंपनीच्या उत्पन्नात असा वाटा २ टक्के असेल आणि तुम्हाला १,००० रुपये लाभांश मिळाला असेल, तर त्यातले २० रुपये गरजूंना देऊन टाकायचे, पुण्याची अपेक्षा न ठेवता. बचत खात्यावर आपोआप जमा होणाऱ्या व्याजाबद्दलही अनेक मुफ्ती हाच मार्ग सांगतात. म्हणजे व्याजाच्या धास्तीने बँकेत खातंच न उघडण्याचं कारण उरत नाही.

शुद्धीकरण आणि जकात यांची गल्लत करू नका. जकात हलाल संपत्तीवरच द्यायची असते: साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी या निसाबाच्या वर मालमत्ता असेल आणि तिला चांद्र वर्ष पूर्ण झालं असेल तर अडीच टक्के. शुद्धीकरणात दिलेले पैसे जकातीत धरता येत नाहीत.

गैरसमज ४ : भारतात यासाठी कायदेशीर मार्गच नाही.

वस्तुस्थिती : इथे बँक आणि गुंतवणूक यांची सरमिसळ होते. बिनव्याजी बँकेचा विचार भारतात झाला. रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २००८ मध्ये तशी शिफारस केली होती. पण रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचं ठरवलं आणि २०१७ मध्ये ते स्पष्ट झालं. त्यामुळे भारतात इस्लामी बँक नाही.

गुंतवणुकीचं तसं नाही. मुंबई शेअर बाजाराने डिसेंबर २०१० मध्ये शरिया निर्देशांक सुरू केला. राष्ट्रीय शेअर बाजाराचा निफ्टी ५० शरिया निर्देशांक आहे आणि त्यावर आधारलेला ‘शरिया बीज’ हा ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात खरेदी-विक्री होणारा फंड, २००९ पासून चालू आहे. आज तो निप्पॉन इंडियाकडे आहे. टाटा एथिकल आणि टॉरस एथिकल हे म्युच्युअल फंडही शरियतच्या निकषांवर चालतात. या सगळ्यांना सेबीचे नियम इतर फंडांसारखेच लागू आहेत. वेगळी आहे ती फक्त शेअर निवडण्याची चाळणी.

त्या चाळणीची किंमतही ठाऊक असू द्या. निफ्टी ५० मध्ये बँका आणि वित्तसंस्थांचं वजन फार मोठं असतं आणि त्या इथे नसतात. पैसा माहिती तंत्रज्ञान, औषधं, ग्राहकोपयोगी वस्तू अशा क्षेत्रांत एकवटतो. बँकांचे शेअर तेजीत असतील तेव्हा असा फंड मागे पडू शकतो आणि ते कोसळतील तेव्हा तगून राहू शकतो. शिवाय हे सारे शेअरचे फंड आहेत. दोन वर्षांनी लग्नासाठी लागणारा पैसा त्यात घालू नये.

गैरसमज ५ : हे फक्त मुसलमानांसाठी, आणि पैसा धर्मकार्याला जातो.

वस्तुस्थिती : गुंतवणूकदाराचा धर्म कुणी विचारत नाही आणि पैसा बाजारातल्या नोंदणीकृत कंपन्यांतच जातो. दारू-तंबाखूच्या किंवा कर्जबाजारी कंपन्या नकोत असं वाटणारा कुणीही हे फंड घेऊ शकतो. ब्रिटनच्या सरकारने २०१४ मध्ये २० कोटी पौंडांचे सुकूक काढले. सुकूक म्हणजे व्याजाऐवजी एखाद्या मालमत्तेच्या उत्पन्नातला वाटा देणारे रोखे. इथे ते उत्पन्न सरकारी कार्यालयांच्या इमारतींच्या भाड्याचं होतं. हाँगकाँग, लक्झेंबर्ग आणि दक्षिण आफ्रिकेच्या सरकारांनीही त्याच वर्षी सुकूक काढले.

गैरसमज ६ : नाव बदललेलं व्याजच आहे हे, किंवा, ‘हलाल’ लिहिलंय म्हणजे शंका नको.

वस्तुस्थिती : ही दोन्ही टोकं चुकीची. टीका बाहेरून होते तशी आतूनही होते, आणि ती कठोर असते. वस्तू उधारीवर खरेदी करून ताबडतोब रोखीने विकायची आणि रोख रक्कम उभी करायची, हे बँकेनेच जुळवून दिलं तर त्याला संघटित तवर्रुक म्हणतात. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने २००९ मध्ये त्याला मनाई केली. त्याआधी २००७ मध्ये आयोफीच्या शरिया मंडळाचे अध्यक्ष मुफ्ती तकी उस्मानी यांनीच बाजारातल्या बहुसंख्य सुकूकवर बोट ठेवलं होतं. मालमत्ता ठरलेल्या किमतीला परत विकत घेण्याची हमी दिली की जोखीम वाटून घेणं संपतं, हा त्यांचा आक्षेप होता.

आपल्याकडे सोन्याचंच पाहा. सोनं घेणं हलाल. पण सार्वभौम सुवर्ण रोख्यांवर वर्षाला २.५ टक्के व्याज मिळायचं, म्हणून तिथे प्रश्न उभा राहतो. शीर्षकात काय लिहिलंय त्यापेक्षा आत व्यवहार कसा होतो, हे पाहावं लागतं.

गैरसमज ७ : हलाल गुंतवणूक सुरक्षित असते आणि दरमहा ठरलेला नफा देते.

वस्तुस्थिती : हा सर्वांत घातक समज. बंगळुरूची आय मॉनेटरी ॲडव्हायजरी, म्हणजे आयएमए, २००६ मध्ये सुरू झाली. हलाल गुंतवणुकीच्या नावाखाली तिने लोकांकडून पैसे घेतले आणि ठेवीदारांना भागीदार दाखवलं. वर्षानुवर्षं दरमहा ‘नफा’ येत राहिला, त्यामुळे भरवसा वाढत गेला. जून २०१९ मध्ये सगळं कोसळलं आणि संस्थापक दुबईला गेला. पुढच्या महिन्यात परतल्यावर त्याला दिल्लीत अटक झाली. तक्रारदार हजारोंच्या संख्येने पुढे आले आणि घोटाळ्याचा आकडा सुमारे ४,००० कोटी रुपये सांगितला गेला. त्यात लहान व्यापारी होते, निवृत्त माणसं होती, मुलीच्या लग्नासाठी साठवणारे आईबाप होते.

या लोकांना धर्म कळत नव्हता असं नाही. त्यांना त्यातला एक महत्त्वाचा नियम कुणी समजावून सांगितला नव्हता. भागीदारीत नफ्याचं प्रमाण ठरवता येतं, रक्कम नाही. ‘नफ्यातले ६० टक्के तुमचे’ ही भागीदारी झाली. ‘लाखावर दरमहा ३,००० तुमचे, काहीही झालं तरी’ हे व्याज, मग त्याला काहीही नाव द्या. हमीचा नफा देऊ करणारी ‘हलाल’ योजना आपल्याच नियमाने हलाल राहत नाही. देशाच्या कायद्यातही ती बहुतेक वेळा बेकायदा ठेव ठरते.

म्हणून पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारा. पैसा नेमक्या कोणत्या धंद्यात जाणार? सेबी नोंदणी क्रमांक काय? तो सेबीच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळा. आणि धंदा बुडाला तर माझं किती बुडेल? तिसऱ्या प्रश्नाला ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं, तर समोरचा माणूस कितीही दीनदार असो, तिथून उठा. ओळखीत, नात्यात, जमातीत ज्याला हे ठाऊक नाही त्याला सांगा. घामाची कमाई राखायची असेल तर हे शिक्षण घरोघरी पोचायला हवं.