दोषी मोटार माघारी का बोलावितात?

नगर-सोलापूर रस्त्याच्या कडेस घटकाभर उभे राहिले, म्हणजे मिरजगावावरून किती तऱ्हेच्या मोटारी जातात हे दृष्टीस पडते. त्यांपैकी काही नव्या कोऱ्या असतात. परंतु पुष्कळशा दुसऱ्या-तिसऱ्या धन्याच्या हाती आलेल्या असतात. जुनी मोटार घेतेवेळी आपण तिचा रंग पाहतो, टायर पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो आणि मग किंमत ठरवितो. परंतु 'या गाडीस कारखान्याने कधी माघारी बोलाविले होते काय?' असे विचारणारे गिऱ्हाईक विरळा. हा प्रश्न का विचारावा व त्याचे उत्तर कसे मिळवावे, हे विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गाडी विकल्यानंतर तिच्या घडणीतच काही धोक्याचा दोष राहून गेला आहे असे कारखानदारास कळून आले, तर त्या जातीच्या सर्व गाड्या तो तपासणीकरिता बोलावितो आणि सदोष भाग फुकट बदलून देतो. यासच 'रिकॉल' असे म्हणतात. गाडी कायमची परत घेतात असा याचा अर्थ बहुधा नसतो. दुरुस्ती होताच ती धन्याच्या स्वाधीन करितात.

असे दोष ब्रेकात असतात, चाकांत असतात, तसेच ते पेट्रोलाच्या मार्गातही असतात. हा मार्ग कसा असतो ते प्रथम पाहू. पेट्रोलची टाकी सामान्यतः गाडीच्या मागील भागी असते व इंजिन पुढे असते. टाकीच्या आतच विजेवर चालणारा एक लहानसा पंप बसविलेला असतो. त्यात बारीक पाती असलेले एक चाक वेगाने फिरते व पेट्रोल नळीतून पुढे लोटते. शरीरात हृदयाचे जे काम, तेच गाडीत या पंपाचे. हृदय थांबले की शरीर थांबते. पंप थांबला की इंजिन थांबते.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. सन २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यात होंडा कंपनीने आपल्या देशातील ९०,४६८ मोटारी पंप बदलण्यासाठी बोलाविल्या. त्यांत सिटी, अमेझ, जाझ इत्यादी ठाऊक असलेल्या गाड्या होत्या व बहुतेक २०१७ आणि २०१८ या सालांत तयार झालेल्या होत्या. पंपातील चाक सदोष असण्याचा संभव असून, त्यामुळे इंजिन बंद पडेल किंवा सुरूच होणार नाही, असे कंपनीने जाहीर केले. अशा पंपांतील चाक विशिष्ट प्रकारच्या प्लास्टिकचे असते. ते पुरेसे घट्ट घडले नसेल, तर पाण्यात भिजविलेला हरभरा जसा फुगतो, तसे ते पेट्रोल शोषून किंचित फुगते, भोवतालच्या कवचास घासू लागते आणि अखेरीस अडून राहते. फुगणे केसाएवढेच; पण त्यापायी सारी गाडी थांबते.

कोणी म्हणेल, गाडी थांबली तर काय बिघडले? अंगणात थांबली तर काहीच बिघडत नाही. परंतु भर रस्त्यात, मागून ट्रक येत असता इंजिन एकाएकी बंद पडले, तर परिणाम काय होईल याची कल्पना सहज करिता येईल. शिवाय इंजिन बंद होताच स्टिअरिंग जड होते, आणि ब्रेकास इंजिनाकडून मिळणारे साहाय्यही दोनचार वेळा पाय दाबल्यानंतर संपते. अशा वेळी चालकाने गोंधळून जाऊ नये, किल्ली काढू नये, इशाऱ्याचे दिवे लावावे, ब्रेक पुनःपुन्हा न दाबता एकदाच नेटाने दाबून धरावा आणि गाडी डावीकडे कडेस घ्यावी.

दुसऱ्या प्रकारचा दोष गळतीचा. मारुती कंपनीने २०१० च्या फेब्रुवारीत सुमारे १ लाख ए-स्टार गाड्या बोलाविल्या, कारण टाकी काठोकाठ भरली असता पंपाच्या सांध्यातून पेट्रोल झिरपण्याचा संभव होता. पुढे २०१४ च्या एप्रिलात त्याच कंपनीने स्विफ्ट, डिझायर व अर्टिगा मिळून १,०३,३११ गाड्यांच्या टाकीचे तोंड, म्हणजे पेट्रोल भरण्याची नळी, तपासून बदलून देण्याचे ठरविले. पेट्रोल भरताना नळ आपोआप बंद पडतो, त्यानंतरही भरीत राहिल्यास या गाड्यांत पेट्रोलचा वास येण्याचा व क्वचित गळतीचा संभव होता. येथे विद्यार्थ्यांनी एक शास्त्रीय गोष्ट ध्यानी घ्यावी. वास्तविक जळते ते द्रवरूप पेट्रोल नव्हे, तर हवेत मिसळलेली त्याची वाफ. ही वाफ शून्याच्या खाली पुष्कळ अंश थंडीतही पेट घेण्याइतकी निघते, आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरून राहते. म्हणून दूरची एक ठिणगीही अनर्थ करू शकते. सारांश, 'टाकी फुल करा' असे सांगितले तरी नळ बंद पडल्यावर आणखी भरण्याचा आग्रह धरू नये. आणि गाडीत पेट्रोलचा वास आल्यास तो अंगवळणी पडू देऊ नये.

दोष कबूल करणे कारखानदारास जड जाते हे उघड आहे. मार्च २०१० मध्ये मुंबईत एक नवी नॅनो मोटार रस्त्यातच पेटली. सुदैवाने आतील माणसे बचावली. त्याच वर्षी नोव्हेंबरात टाटा कंपनीने धूर बाहेर सोडणाऱ्या व विजेच्या भागांत अधिक संरक्षण फुकट बसवून देण्याचे ७० हजारांहून अधिक गाडीमालकांस कळविले. मात्र हे 'रिकॉल' नव्हे असेही म्हटले. त्या काळी आपल्या देशात याविषयी कायदा नव्हता. २०१२ साली कारखानदारांच्या संस्थेने स्वखुशीचे नियम केले, २०१९ साली मोटार वाहन कायद्यात नवे कलम घातले गेले, आणि १ एप्रिल २०२१ पासूनच्या नियमांन्वये सात वर्षांच्या आतील सदोष वाहने माघारी बोलाविण्यास सरकार भाग पाडू शकते. न ऐकल्यास १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कायदा नवा असला तरी त्यातील तत्त्व फार जुने आहे. पवित्र शास्त्रातील अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्याने धाब्यास कठडा करावा, न केल्यास पडून मरणाऱ्याचा दोष घरावर येईल, अशा अर्थाची आज्ञा आहे. आपल्या भागातील धाब्याच्या घरांत वाढलेल्यांस ती निराळी समजावून सांगावयास नको. जो वस्तू घडवितो, त्याच्यावर ती वापरणाऱ्याच्या जिवाची जबाबदारी असते.

परंतु कठडा बांधून देणारा दारी आला असता दारच उघडले नाही, तर त्याने काय करावे? खेडेगावी नेमके हेच घडते. कारखान्याच्या दप्तरी पहिल्या धन्याचे नाव व पत्ता असतो. त्याने गाडी विकली व ती दुसऱ्या जिल्ह्यात गेली, तरी सूचना जुन्याच पत्त्यावर जाते. नव्या धन्यास काहीच कळत नाही, आणि सदोष पंप टाकीत तसाच फिरत राहतो. इतकेच नव्हे, होंडाच्या वरील मोहिमेत २,२०४ गाड्या अशा होत्या, की ज्यांत तो सदोष भाग पूर्वी दुरुस्तीच्या वेळी नवा म्हणून बसविला गेला होता. तेव्हा 'पंप नुकताच बदलला आहे' एवढ्यावर निश्चिंत राहू नये.

उपाय सोपा आहे व त्यास पैसा लागत नाही. प्रत्येक मोटारीस सतरा अक्षरे व अंक मिळून एक चेसिस नंबर असतो. तो आर.सी. बुकावर लिहिलेला असतो आणि गाडीच्या सांगाड्यावरही कोरलेला असतो. एक व शून्य या अंकांशी घोटाळा होऊ नये म्हणून त्यात आय, ओ व क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरीत नाहीत. हा नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर घातला, किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरात सांगितला, म्हणजे गाडी बोलाविलेल्यांपैकी आहे की नाही हे कळते. असल्यास दिवस ठरवून घ्यावा व भाग बदलून आणावा. त्याच वेळी आपले नाव, पत्ता व फोन नंबरही नोंदवून यावे, म्हणजे पुढील सूचना योग्य घरी पोहोचेल.

विद्यार्थ्यांनो, हे काम तुम्हांस सहज करिता येण्याजोगे आहे. सुट्टीत घरी गेल्यावर वडिलांच्या, काकांच्या किंवा शेजाऱ्यांच्या गाडीचे आर.सी. बुक मागून घ्या, सतरा अक्षरे काळजीपूर्वक उतरून घ्या आणि तपासून पाहा. शंभरांतून एखादीच गाडी बोलाविलेली निघेल. परंतु त्या एका गाडीत कोणाची तरी आई, कोणाची तरी लेकरे बसत असतील. आपली चूक कबूल करणे हे कारखानदाराचे कर्तव्य खरे. त्या हाकेस ओ देणे हे मात्र आपले आहे.