सगळी पृथ्वी बुडाली, की एक मुलूख?

नोहाच्या काळी सगळं जग बुडालं का? हा वाद शास्त्राचा वाटतो, पण सुरू होतो शब्दापासून.

मूळ हिब्रू शब्द आहे ‘एरेत्स’. उत्पत्तीच्या 7व्या अध्यायात आपण त्याचा अर्थ ‘पृथ्वी’ वाचतो. 12व्या अध्यायात देव अब्राहामाला आपला ‘एरेत्स’ सोडायला सांगतो, तिथे तोच शब्द ‘देश’ होतो. पृथ्वी सोडून तो जाणार कुठे?

दुसरा शब्द ‘हार’. मी बोलतोय जयपूरच्या झालानातून. इथे टेकडीला डूंगरी म्हणतात. हिब्रूत डोंगराळ भागही ‘हार’ आणि उंच पर्वतही ‘हार’. 1611च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलात 7:19मध्ये त्याच्या टेकड्या झाल्या आणि लगेच 7:20मध्ये पर्वत!

मग पूर एका मुलखापुरताच? तसंही घाईनं म्हणता येत नाही. ‘सगळ्या आकाशाखालचे’ डोंगर बुडाले, हेही मुळातच आहे.

अशा वेळी मूळ भाषाच कामी येते. बायबल मराठीत आणण्यासाठी पंडिता रमाबाई केडगावात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. आपण निदान एवढं विचारू या: हा अर्थ शब्दाचा, की भाषांतरकारानं निवडलेला?